मधला रिकामा दिवस

आमच्या फ्रीजच्या दारावर संत्र्याच्या आकाराचं एक मॅग्नेट आहे आणि त्याच्याखाली गेला महिनाभर एक कागद लटकून राहिलाय. पेन्सिलीने आखलेले दहा चौकोन, शुक्रवारपासून पुढच्या आठवड्यातल्या रविवारपर्यंत, आणि त्यातला बुधवारचा चौकोन कोरा. घरी जो येतो तो पाण्याची बाटली काढायला फ्रीजकडे जातो, कागद वाचतो आणि बरोब्बर बुधवारवर बोट ठेवतो.

"इथे काय आहे?"

"काही नाही."

"म्हणजे लिहायचं राहिलं का?"

राहिलं नाही, मुद्दाम कोरं ठेवलंय. हे मी आतापर्यंत आईला, मोठ्या वहिनीला, शेजारच्या काकूंना, ऑफिसातल्या दोघांना आणि सिलिंडरवाल्या पोराला सांगून झालंय आणि त्यातल्या फक्त सिलिंडरवाल्याला ते पटलं, तो म्हणाला चांगलं आहे नं भाऊ, एक दिवस मस्त झोपा काढा.

जायचंय व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, मी, बायको आणि मेहुणा. उत्तराखंडातल्या चमोली जिल्ह्यात आहे ती, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, क्षेत्रफळ साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटर. ऐकायला मोठं वाटतं पण त्यातला बराच भाग बर्फ, हिमनद्या आणि कडे, आपल्यासारख्यांनी पायी फिरायचा तो मधला पुष्पावती नदीकाठचा हिरवा पट्टा. जूनच्या सुरुवातीला उघडतं आणि ऑक्टोबर संपता संपता बंद होतं. आत मुक्काम करू देत नाहीत, तंबू नाही, चूल नाही, सकाळी जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचं. झोपायला खाली घांघरिया, म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यापुरतं जागं होणारं एक गाव, बर्फ पडायला लागला की तेही रिकामं.

आता नागपूरहून हे किती 'छोटं' आहे ते बघा. लोकांना मी सांगतो छोटा ट्रेक आहे, तीन-चार दिवसांचा, आणि ते खरंही आहे, पण त्या तीन-चार दिवसांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवस नुसते पोचण्या-परतण्याचे आहेत. शुक्रवारी रात्री इथून गाडी, शनिवारी दिल्ली, रात्रीपर्यंत हरिद्वार. रविवारी पहाटे निघायचं, ऋषिकेशच्या पुढे अडीचशे किलोमीटर डोंगरातला रस्ता, देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग करत जोशीमठ, नऊ-दहा तास तरी धरायचे आणि तेही रस्ता सुरू असेल तर. सोमवारी गोविंदघाट, तिथून पुलना गावापर्यंत शेअर जीप आणि मग पाय, नऊ-दहा किलोमीटर सगळी चढण, घांघरिया. मंगळवारी व्हॅली. बुधवार ते आपलं असं. गुरुवारी खाली जोशीमठ, शुक्रवारी हरिद्वार, शनिवारी दिल्ली, रविवारी सकाळी घरी, सोमवारी ऑफिस. पाच दिवसांची रजा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार. आपण देशाच्या मधोमध राहतो, झिरो माईलचा दगड आपल्या गावात आहे, याचा अभिमान वगैरे ठीक आहे, पण मधोमध राहणाऱ्याला समुद्र काय आणि हिमालय काय, सगळंच लांब पडतं हे कोणी सांगत नाही.

आणि ऑगस्टच कशाला, हा प्रश्न मेहुण्याचा. "भाऊजी, तिकडे दरडी कोसळून राहिल्या असतात त्या टायमाला, टीव्हीवर दाखवतात नं. सप्टेंबर एंडला जाऊ, आभाळ क्लिअर, फोटो भारी येतात." त्याचं म्हणणं चूक नाही. पण सप्टेंबरच्या शेवटी आभाळ क्लिअर असतं तेव्हा फुलं बियांना लागलेली असतात. सगळी गोची इथेच आहे. तिथल्या झाडोऱ्याला वर्षाकाठी जेमतेम चार महिने मिळतात, बर्फ वितळला की उगवायचं, फुलायचं, माशा-भुंगे बोलवायचे, बी धरायचं आणि पुन्हा बर्फाखाली जायचं, त्यामुळे सगळ्यांची एकदमच घाई, पाचशेच्या वर जाती आणि दर आठवड्याला उताराचा रंग वेगळा. जुलै मध्य ते ऑगस्ट मध्य हा ऐन बहर. आणि पावसाचा जोरही नेमका तेव्हाच, कारण पाऊस आहे म्हणून फुलं आहेत. म्हणजे ज्या कारणासाठी जायचं तेच कारण रस्ता बंद पाडणार. यातून प्लॅनिंगने सुटका नाही, कितीही यूट्यूब बघा.

हे मला आधी कळत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आम्ही एका ट्रॅव्हलवाल्याचं पॅकेज घेतलं होतं, त्यात बद्रीनाथ होतं, हेमकुंडचा गुरुद्वारा होता, व्हॅली होती, औलीसुद्धा होती, आणि कागदावर एकही तास मोकळा नव्हता, मला तेव्हा ते फार आवडलं होतं, वाटलं पैसा वसूल. जोशीमठच्या अलीकडे पागलनाला म्हणून जागा आहे, नावातच सगळं आलं, तिथे आमची बस दुपारी अडीचला थांबली. पुढे गाड्यांची रांग, वळणामागे वळण. मी उतरून पुढे चालत गेलो. रस्ता होता तिथे राखाडी चिखलाची एक जीभ खाली आलेली आणि तिच्यावर फ्रीजएवढे दगड. एक जेसीबी उचलत होतं आणि एक माणूस तोंडात शिट्टी धरून वर बघत उभा होता, त्याचं काम फक्त वर बघायचं. वरून गोट्यांएवढे खडे टपटप यायचे, मग तो शिट्टी मारायचा, जेसीबी मागे सरकायचं, खडे थांबले की पुन्हा पुढे. मी तासभर ते बघत होतो, उचललेलं आणि नव्याने आलेलं साधारण सारखंच. हेमकुंडला निघालेली मोटरसायकलवाली पोरं, हँडलला निशाण साहिबचे झेंडे बांधलेले, त्यांनी रस्त्याच्या कडेला स्टोव्ह पेटवून चहा केला आणि अख्ख्या रांगेला पाजला. रात्र बसमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी उशिरा दुपारी रस्ता सुटला.

दीड दिवस गेला. आता पॅकेजमधून काहीतरी कापणं भाग होतं आणि बसमधल्या बहुतेकांना बद्रीनाथच हवं होतं, त्यांचंही बरोबर, म्हणून व्हॅली कापली. मी फोनवर भांडलो तर तिकडून आवाज आला, "सर, फुलं तर पुढच्या वर्षी पण राहतील नं." गोविंदघाटला बस दहा मिनिटं थांबली तेव्हा उजव्या हाताला अलकनंदेवरचा पूल दिसत होता, पलीकडे ढगात घुसलेली दरी, खेचरांच्या घंटा ऐकू येत होत्या. बायको खिडकीशी होती. काही बोलली नाही. बद्रीनाथचं दर्शन छान झालं, गर्दी कमी होती.

तर बुधवार कोरा असण्याचं कारण ते आहे. तो चिखलाचा दिवस आहे. चिखल सोमवारी आला तर व्हॅली बुधवारी, मंगळवारी घांघरियात धो-धो पाऊस लागला तर व्हॅली बुधवारी, परतीच्या रस्त्यावर काही झालं तर बुधवारीच उतरायला लागू म्हणजे सोमवारी ऑफिसात तोंड दाखवता येईल. आणि यातलं काहीच झालं नाही तर मंगळवारी रात्री जेवताना बघू.

पण रिकामा दिवस लोकांना सहन होत नाही. आईचं म्हणणं, इतकं लांब जाऊन राहिले तर बद्रीनाथ तिथून जवळच आहे, एका दिवसात होतं. आई, मागच्या वेळी झालं की. "मग? देवाला काय एकदाच भेटायचं असतं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. मेहुण्याचं म्हणणं हेमकुंड. गुरुद्वारा आहे, तळं आहे, सव्वाचार हजार मीटरच्या वर, ऑगस्टमध्ये तिथल्या उतारांवर ब्रह्मकमळं असतात, घांघरियाहून सहाच किलोमीटर. सहाच. हे 'सहाच' म्हणणारा माणूस नागपूरचा आहे हे लगेच कळतं, कारण आपल्याकडे किलोमीटर आडवे असतात. ते सहा किलोमीटर बाराशे मीटर उभे आहेत आणि वर मुक्काम नाही म्हणून त्याच दिवशी तेवढेच खाली.

उंचीचं मेहुण्याला खरं तर माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला पाहिजे. तो तीन वर्षांपूर्वी विमानाने थेट लेहला उतरला आणि त्याच दुपारी बाजार फिरायला गेला. नंतरचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत. "डोक्यात कोणी ड्रिल मारून राहिला असं वाटे, भाऊजी, आणि पाणी प्यायलो तरी उलटी." उंचावर हवेतला ऑक्सिजनचा टक्का कमी होतो असं बरेच जण समजतात, टक्का तोच असतो, एकवीसच्या आसपास, हवेचा दाबच कमी होतो म्हणून प्रत्येक श्वासात कमी हवा येते. घांघरियाला समुद्रसपाटीच्या साधारण सत्तर टक्के, हेमकुंडला साठ. नियम सांगतात तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि आम्ही तर जोशीमठच्या एकोणीसशेवरून एका दिवसात घांघरियाच्या तीन हजार पन्नासला जाऊन झोपणार. त्यातल्या त्यात बरं म्हणजे बराच भाग पायी, हळूहळू. म्हणून दुसऱ्या दिवशी व्हॅली, तिथली चढण त्या मानाने सौम्य आणि झोपायला परत घांघरियालाच. हेमकुंड झालंच तर त्यानंतर, तिघांची डोकी शांत असतील, जेवण गेलं असेल, आभाळ ठीक असेल तर. डोकं दुखलं तर वर जायचं नाही आणि वाढलं तर खाली यायचं, एवढं मेहुण्याकडून मी कबूल करून घेतलंय. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनी पहिला प्रश्न केला सल्फाची ॲलर्जी आहे का, बायकोला आहे, विषय संपला. वहिनीने कापराची पुडी दिलीय, वर दम लागला की हुंगायला. कापराने ऑक्सिजन वाढत नाही, पण वहिनीचं मन मोडवत नाही आणि वास चांगला येतो.

तयारी म्हणाल तर नागपुरात चढायचं कशावर? गावाची उंची तीनशे दहा मीटर आणि सगळीकडे तीच. सेमिनरी हिल्सला हिल्स म्हणायची पद्धत आहे, पहाटे फुटाळ्याच्या बाजूने जाऊन आलं की घाम येतो पण तो उकाड्याचा. म्हणून मी बिल्डिंगचे जिने धरले. चार मजले, सॅकमध्ये पाच किलो तूरडाळ आणि तीन किलो तांदूळ, वर-खाली दहा फेऱ्या, आठवड्यातून चार दिवस. पहिल्या आठवड्यात वर जाताना धाप लागायची त्याचं काही वाटलं नाही, पण तिसऱ्या दिवशी सकाळी कमोडवर बसता येईना, मांड्या उतरताना दुखावतात हे तेव्हा कळलं. सगळे चढायची प्रॅक्टिस करतात, उतरायची कोणी करत नाही, आणि ट्रेकमध्ये गुडघे जातात ते उतरतानाच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रोज दार उघडून बघायच्या, एक दिवस न राहवून म्हणाल्या, "अहो, रोज किराणा आणून राहिले, पाहुणे आलेत का?" त्या डाळीचं नंतर वरण केलं. बायको म्हणाली चांगली मुरलीय.

मग एका रविवारी रामटेकला गेलो. पन्नासेक किलोमीटर, पण निदान खरी टेकडी आणि खऱ्या पायऱ्या. गडमंदिरापर्यंत सॅक घेऊन चढलो, उतरलो, पुन्हा चढलो, माकडांनी बायकोच्या हातातले शेंगदाणे नेले. तिथेच वर कालिदास स्मारक आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक हे संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं आणि नागपूरकरांनी ते कधीच मान्य करून टाकलंय. मी शाळेत कधीतरी वाचलेलं, त्या दिवशी पायऱ्यांवर घाम पुसताना डोक्यात आलं की अरे, हा तर आपलाच रूट आहे. आषाढात रामटेकहून निघायचं, उत्तरेला जायचं, वाटेत कनखल, म्हणजे आपलं हरिद्वार, आणि पुढे हिमालय. यक्षाने ढगाला अख्खी आयटिनरी दिलीय. दमलास तर डोंगरावर पाय टेकून थांब, क्षीण झालास तर ओढ्याचं पाणी पी. अॅक्लमटायझेशनचे म्हणजे उंचीची सवय करून घ्यायचे दोन्ही नियम आले की यात! आणि तेवढ्यात हेही सांगतो की उज्जैन थोडं वाकड्या वाटेला आहे पण तिकडे जाऊनच ये. म्हणजे निरोप बायकोला पोचवायचाय, ती तिकडे झुरून राहिली, आणि याला साइटसीइंग सुचतंय. आमच्या आईची आठवण झाली.

ढगाचं बरं असतं, त्याला रजा संपायची भीती नाही.

खरं तर व्हॅलीचं नाव जगभर झालं तेही असंच, ठरवून नाही. १९३१ साली कामेट शिखर चढून परतताना फ्रँक स्माइथ आणि सोबतचे गिर्यारोहक खराब हवेत एक खिंड ओलांडून खाली उतरले आणि या फुलांत येऊन पडले. स्माइथ १९३७ मध्ये खास फुलांसाठी परत आला. १९३९ मध्ये जोन मार्गारेट लेग नावाच्या बाई वनस्पती गोळा करायला आल्या, उतारावरून घसरून गेल्या, त्यांची समाधी दरीतच आहे, मला तिथपर्यंत जायचंय. अर्थात तिथल्याच भ्यूंदार गावच्या लोकांना ही दरी कोणी शोधून द्यायची गरज नव्हती, त्यांच्या मेंढ्या पिढ्यानपिढ्या तिथे चरत होत्या. उद्यान झालं आणि चराई बंद झाली, मग अमेला नावाचं एक झुडूप माजलं, आता ते उपटायला माणसं लावावी लागतात. चराई बंद केल्यामुळेच ते माजलं की नाही यावर वाद आहे, पण मला त्या मेंढ्यांबद्दल वाईट वाटतं. आणखी एक म्हणजे आत शिरताना भूर्जाचं जंगल लागतं. भूर्जपत्र हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलाय, त्याचं झाड कधी बघू असं वाटलं नव्हतं, साल कागदासारखी सुटते म्हणतात. सोलायची नाही, हे मी मेहुण्याला आत्ताच सांगून ठेवलंय.

सामानाचं फार सांगत नाही. जीन्स नाही, सुती टी-शर्ट नाही, भिजले की वाळत नाहीत. पोंचो बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात घेतला. बूट एका दुकानातून घेतले तेव्हा तो म्हणाला पूर्ण वॉटरप्रूफ, घरी आणून बादलीत उभा राहिलो तर चार मिनिटांत मोजे ओले, परत द्यायला गेलो तर म्हणे साहेब, बादलीत कोण उभं राहतं. दुसरे घेतले आणि दीड महिना ऑफिसला तेच घालून जातोय, लोक बघतात, बघू दे. रोख पैसे वेगवेगळ्या खिशांत. मोजे लोकरीचे, जास्तीचे. खायला गूळ-शेंगदाणे, फुटाणे, आणि संत्रा बर्फी, कारण वाटेत भेटणाऱ्याला नागपूर सांगितलं की तो तीच मागतो. सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीचा हट्ट बायकोने सोडला, दिल्लीच्या पुढे टिकत नाही.

हॉटेलवाल्याला परवा फोन केला होता घांघरियाचा. तीन रात्री म्हटल्यावर तो विचारायला लागला, एक व्हॅली, एक हेमकुंड, दो रात में हो जाएगा साहब, तीन काय करणार? म्हटलं एक बारिश के लिए. तो हसला आणि म्हणाला, फिर तो आप आओगे. म्हणजे बाकीचे बुकिंग करून येत नाहीत की काय कोण जाणे. खोली मिळाली, गरम पाणी बादलीच्या हिशोबाने वेगळं.

काल संध्याकाळी ऑफिसातून आलो तर आई चष्मा लावून फ्रीजसमोर उभी. मला वाटलं झालं, आता बद्रीनाथ. तर म्हणाली, "बुधवारी तू रिकामा आहेस नं?"

"तसा आहे. म्हणजे नक्की नाही."

"मग त्या दिवशी फोन कर. बाकीच्या दिवशी तुले वेळ नसंन."

म्हटलं, आई, तिथे रेंजचा काही भरवसा नसतो, लागला तर करतोच. तिने ऐकलं की नाही माहीत नाही. ओट्यावरची पेन्सिल घेतली, कागदावर एक हात ठेवला, आणि सावकाश, रेषेच्या बाहेर जाणार नाही अशा बेताने बुधवारच्या चौकोनात लिहिलं, आईला फोन. मग मॅग्नेट नीट सरळ करून ती देवघरात दिवा लावायला गेली.

मी खोडरबर घेतलं होतं हातात. परत ठेवलं.